अल्पवयी खेळाडू आणि प्रौढांचे सामने

तेरा-चौदा वर्षांचा मुलगा क्रिकेट बरा खेळू लागला की एखाद्या रविवारी सकाळी त्याच्या दाराशी निरोप येतो. मोठ्यांच्या संघाला एक गडी कमी पडला आहे, मुलाला पाठवा. मुलगा बूट बांधून केव्हाच तयार असतो. आई 'लागेल कुठेतरी' म्हणते, वडील 'अनुभव मिळेल' म्हणतात, आणि निर्णय बहुधा विचाराने न होता घाईने होतो. वस्तुतः हा निर्णय विचाराने व्हावा इतक्या महत्त्वाचा आहे. मुलाच्या शरीराचा, मनाचा आणि कित्येकदा त्याच्या खेळातील भवितव्याचा त्याच्याशी संबंध पोहोचतो. प्रौढांच्या स्पर्धेत अल्पवयी खेळाडूंनी भाग घ्यावा किंवा कसे, हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

मुंबई किंवा पुण्यासारख्या शहरात हा प्रश्न तितकासा तीव्र नसतो. तेथे शाळाशाळांचे सामने आहेत, चौदा, सोळा, एकोणीस अशा वयोमानाने पाडलेल्या पायऱ्या आहेत, आणि एका पायरीवरून दुसरीवर जाताना मुलाला हात देणारे शिक्षकही आहेत. जालना जिल्ह्यातील अंबड, परतूर, भोकरदन अशा गावांची स्थिती निराळी असते. अशा गावी एका वयाची, सारख्या तयारीची बावीस मुले एकत्र मिळणे कठीण. तेथे मुलाला मोठ्यांत खेळू द्यावयाचे नाही असे ठरविले, तर पुष्कळदा त्याचा अर्थ त्याला खेळूच द्यावयाचे नाही असा होतो. म्हणून सरसकट बंदी हे ह्या प्रश्नाचे उत्तर होऊ शकत नाही. परंतु सरसकट मोकळीक हेही उत्तर नव्हे.

प्रथम विरोधी पक्षाचे म्हणणे ऐकू. क्रिकेटचा चेंडू हा काही कापसाचा गोळा नव्हे. पुरुषांच्या सामन्यातील चेंडू सुमारे १५६ ते १६३ ग्रॅम वजनाचा असतो. खुद्द क्रिकेटच्या नियमावलीनेच तेरा वर्षांखालील मुलांसाठी १३३ ते १४४ ग्रॅमचा हलका चेंडू सांगितला आहे. नियम करणाऱ्यांना जो भेद दिसला तो गावच्या कप्तानाला दिसत नाही. पंचवीस वर्षांच्या तरुणाने जोराने मारलेला चेंडू अडविण्यास बारा वर्षांच्या मुलाला फलंदाजाच्या नाकासमोर उभे करणे हे धैर्याचे शिक्षण नव्हे. ती केवळ बेपर्वाई होय.

दुसरा धोका दिसत नाही, म्हणून तो अधिक मोठा. वाढत्या मुलाच्या कण्याची हाडे पुरती पक्की झालेली नसतात. वेगाने चेंडू टाकताना कंबरेला एकाच वेळी पीळ, बाक आणि धक्का सोसावा लागतो. हाच ताण दिवसामागून दिवस पडत राहिला, तर मणक्याच्या मागील भागास बारीक चीर जाते. तरुण वेगवान गोलंदाजांचे हे दुखणे वैद्यकाला चांगले परिचित आहे. मुलगा वेगाने टाकतो असे दिसले की मोठ्यांचा कप्तान त्याच्या हातून चेंडू काढून घेत नाही, आणि मुलगाही कौतुकाच्या भरात 'पुरे' म्हणत नाही. सामना जिंकला जातो. किंमत मात्र पुढे चार-पाच वर्षांनी चुकती करावी लागते.

तिसरा आक्षेप मनासंबंधी आहे. मोठ्यांच्या संघात मुलाला अकरावा गडी म्हणून घेतात, सीमारेषेवर उभे करतात, फलंदाजीस शेवटी पाठवितात. आणि दिवसभर उन्हात उभा राहून तो एकही चेंडू न खेळता घरी येतो. ह्याला अनुभव म्हणावयाचे असेल तर तो पाणक्याचा अनुभव होय.

हे तिन्ही आक्षेप खरे आहेत. आता दुसरी बाजू पाहावयास हवी, आणि तिच्यासाठी जालन्याच्याच मातीत वाढलेल्या एका खेळाडूचे उदाहरण पुरेसे आहे.

विजय झोल हा १९९४ साली जालन्यात जन्मलेला डावखुरा फलंदाज. २०११ सालच्या डिसेंबरात, सतरा वर्षे नुकतीच पूर्ण झाली असता, त्याने कूचबिहार करंडकाच्या सामन्यात महाराष्ट्राच्या वतीने आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या. ही स्पर्धा एकोणीस वर्षांखालील मुलांची. साडेचारशे धावांचा डाव म्हणताच साऱ्या देशाचे लक्ष ह्या मराठवाड्यातील मुलाकडे वळले, आणि ते योग्यच झाले. पुढे २०१४ सालच्या जानेवारीत रणजी करंडकाच्या उपान्त्यपूर्व सामन्यात महाराष्ट्राची गाठ मुंबईशी, मुंबईच्याच वानखेडे मैदानावर पडली. मुंबई त्या वेळी गतवर्षीची विजेती. शेवटच्या डावात अडीचशेहून अधिक धावांचे लक्ष्य होते. केदार जाधव शतक करून नाबाद राहिला, दुसऱ्या बाजूस एकोणीस वर्षांचा झोल ९१ धावांवर नाबाद राहिला, आणि महाराष्ट्राने सामना जिंकला.

आता तराजूच्या एका पारड्यात ४५१ आणि दुसऱ्यात ९१ घालून पाहा. अंकगणिताने पहिले पारडे पाचपट जड. परंतु क्रिकेटचा जाणकार दुसऱ्या पारड्याकडेच बोट दाखवील. पहिल्या डावात समवयस्कांवर मात करण्याचे सामर्थ्य दिसले. दुसऱ्यात, वर्षानुवर्षे मुरलेल्या गोलंदाजांपुढे, पराभव समोर दिसत असताना, टिकून राहण्याचे. पहिले सामर्थ्य मुलांच्या मैदानावर कळते. दुसरे तेथे कळतच नाही, कारण तेथे ते लागतच नाही.

समवयस्कांतील धावा कधीकधी किती फसव्या असतात, ह्याचे एक टोकाचे उदाहरण २०१६ सालच्या जानेवारीत कल्याण येथे घडले. शाळाशाळांच्या एका सामन्यात पंधरा वर्षांच्या प्रणव धनावडेने नाबाद १००९ धावा केल्या. एका डावात हजार धावा करणारा जगातील तो पहिलाच फलंदाज. त्याच्या संघाने तीन गडी गमावून १४६५ धावांवर डाव सोडला, आणि प्रतिपक्षाचे दोन डाव ३१ आणि ५२ धावांत आटोपले. मुलाच्या चिकाटीला मुळीच उणेपणा न आणता असे विचारता येईल की ह्या सामन्याने नेमके काय पारखले? फलंदाजाचे बळ, की समोरच्या मुलांचे दौर्बल्य? बरोबरीचा प्रतिस्पर्धी नसेल तर विजेत्यालाही शिकावयास काही मिळत नाही, आणि पराभूतांचा तर केवळ हिरमोड होतो. अशा मुलाला त्याच्या वयाच्या कुंपणात ठेवणे हा त्याच्यावर अन्याय आहे, आणि त्या कुंपणातील इतर मुलांवरही.

ही जाणीव भारतीय क्रिकेटच्या चालकांनाही उशिरा का होईना झाली. झोल २०१२ साली एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात होता, आणि २०१४ साली त्याच स्पर्धेत तो कप्तान होता. म्हणजे मुलांच्या विश्वचषकात तो दोनदा खेळला. असे खेळणारा तो एकटाच नव्हता. तशी त्या काळची रीतच होती. ह्या संघाचे शिक्षक असलेल्या राहुल द्रविड यांनी २०१५ साली ह्या रीतीवर बोट ठेवले. मुलांच्या क्रिकेटमध्ये रेंगाळण्यापेक्षा मुलांनी मोठ्यांच्या क्रिकेटकडे लवकर वळावे, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होते. पुढल्याच वर्षी मंडळाने नियम केला की एका खेळाडूला हा विश्वचषक एकदाच खेळता येईल.

मुलींच्या बाबतीत तर पुष्कळदा दुसरा मार्गच नसतो. सांगलीची स्मृती मानधना नऊ वर्षांची असताना महाराष्ट्राच्या पंधरा वर्षांखालील संघात, आणि अकरा वर्षांची असताना एकोणीस वर्षांखालील संघात निवडली गेली. सोळाव्या वर्षी, २०१३ साली, ती भारताकडून खेळली. तिला वयाचा दाखला दाखवून परत पाठविले असते, तर खेळावयास बरोबरीच्या मुली त्या काळी किती मिळाल्या असत्या?

तेव्हा प्रश्नाचे रूपच बदलावयास हवे. मुलाने मोठ्यांत खेळावे की न खेळावे, असा तो नसून कोणत्या मुलाने, केव्हा आणि कोणत्या अटींवर खेळावे, असा आहे. आणि ह्याचे उत्तर देणारी एक जुनी शहाणी परंपरा आपल्या तालमींत आहे. २०१८ साली महाराष्ट्र केसरीची कुस्ती जालन्यात झाली, तेव्हा राज्यभरचे मल्ल ह्या शहरात उतरले होते. त्यांपैकी कोणालाही विचारा. तालमीत पोराला थोरल्या पैलवानाच्या अंगावर सोडतात, कारण त्याच्या हाताखालीच पोर घडतो. थोरला तेथे पोराला दाबतो, पण चिरडत नाही. आखाड्यातील कुस्ती मात्र जोड पाहूनच लावतात. जोड म्हणजे केवळ वय नव्हे. वजन, ताकद, तयारी आणि छाती ह्या सर्वांचा मेळ. वस्ताद ही जोड लावतो, आणि जोड चुकली तर बोल वस्तादाला लागतो, पोराला नव्हे.

सचिन तेंडुलकरांच्या बाबतीत मुंबईने हीच जोड फार जपून लावली. कांगा लीग ही १९४८ सालापासून मुंबईत चालत आलेली क्लबांची स्पर्धा भर पावसाळ्यात, ओल्या खेळपट्ट्यांवर खेळली जाते. तीत शाळकरी मुलगा आणि रणजीचा खेळाडू एकाच सामन्यात उतरतात. तेंडुलकर तीत १९८४ साली, अकराव्या वर्षी खेळले. १९८७ साली, चौदाव्या वर्षी, मुंबईच्या रणजी चमूत त्यांची निवड झाली. परंतु त्या हंगामात त्यांना प्रत्यक्ष अकरांत घेतले नाही. मोठ्यांच्या सहवासात राहावे, पाहावे, बदली क्षेत्ररक्षक म्हणून धावावे, एवढेच. पुढल्या वर्षी कप्तान दिलीप वेंगसरकरांनी सरावाच्या जाळ्यात त्यांना कपिल देवांची गोलंदाजी खेळावयास लावून पाहिले, आणि मगच संघात घेतले. डिसेंबर १९८८ मध्ये गुजरातविरुद्ध पहिल्याच सामन्यात पंधरा वर्षांच्या ह्या मुलाने नाबाद शतक केले. नंतर वर्षभरातच, १९८९ साली, पाकिस्तानात सियालकोटच्या कसोटीत वकार युनुसच्या चेंडूने नाकातून रक्त आले असता ते खेळपट्टी सोडून गेले नाहीत. लोकांना ते रक्त आठवते. त्यामागील चमूत बसून काढलेला हंगाम आणि जाळ्यातील परीक्षा कोणाला आठवत नाही. परंतु शिकण्याजोगा भाग तोच आहे.

आज घाई अधिक वाढली आहे. २०२५ साली वैभव सूर्यवंशी ह्या चौदा वर्षांच्या मुलाने आयपीएलमध्ये ३५ चेंडूंत शतक केले, आणि घरोघरच्या पालकांना आपलाही मुलगा मागे राहतो आहे असे वाटू लागले. ह्याच खेळाच्या जागतिक संघटनेने २०२० साली आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी किमान पंधरा वर्षे वयाची अट घातली आहे, आणि अपवाद मागावयाचा झाल्यास मुलाची तयारी सिद्ध करावी लागते, ही गोष्ट मात्र घरोघर पोहोचलेली नाही.

मग गावच्या क्लबाने काय करावे? फार मोठा खर्च न करता चार गोष्टी पाळता येतील. पहिली, मुलाला घ्यावयाचे तर काम देऊन घ्यावे. फलंदाज असेल तर त्याला फलंदाजी मिळेल अशा क्रमांकावर पाठवावे. संख्या भरण्यासाठी त्याला बोलावू नये. दुसरी, गोलंदाजीला मर्यादा असावी. इंग्लंडमध्ये चौदा-पंधरा वर्षांच्या वेगवान गोलंदाजाने एका दमात सहा आणि दिवसात बारा षटकांहून अधिक टाकू नयेत, असा दंडक अनेक वर्षे पाळला गेला. आणि तो मोठ्यांच्या सामन्यातही सुटत नसे. तिसरी, शिरस्त्राणावाचून मुलाने फलंदाजीस जाऊ नये, आणि त्याला फलंदाजाच्या निकट कधीही उभे करू नये. चौथी, परतीची वाट खुली असावी. मोठ्यांत दोन सामन्यांत अपयश आले म्हणून मुलगा निकामी ठरत नाही. त्याला पुन्हा समवयस्कांत जाऊन चार धावा करून येऊ द्यावे, आणि त्यात कमीपणा मानू नये.

ह्या चार गोष्टींहून महत्त्वाची पाचवी प्रौढांच्या वर्तनाची आहे. मुलगा त्या दिवशी केवळ क्रिकेट शिकत नाही. पंचाचा निर्णय विरुद्ध गेल्यावर मोठी माणसे काय बोलतात, पैशाची पैज लागली असता कशी वागतात, झेल सुटलेल्या सोबत्याला काय ऐकवितात, हे सर्व तो टिपत असतो. ज्या संघाला मुलासमोर तोंड सांभाळता येत नाही, त्या संघाच्या हाती मुलगा देऊ नये. मग तो संघ कितीही करंडक जिंकत असो. उलट जेथे एखादा वडीलधारा खेळाडू, चुकलेल्या फटक्यानंतर मुलाजवळ जाऊन, खांद्यावर हात ठेवून दोन शब्द सांगतो, तेथे मुलाला पाठविण्यास पालकांनी भिऊ नये.

पालकांनी रविवारी दाराशी आलेल्या माणसाला म्हणून एकच प्रश्न विचारावा: 'मुलगा तुम्हांला कशासाठी हवा आहे?' तो फलंदाजीस कितव्या क्रमांकावर जाईल, किती षटके टाकील आणि त्याच्याकडे कोण लक्ष देईल, ह्यांची उत्तरे सरळ मिळाली तर मुलाला आनंदाने पाठवावे. उत्तर केवळ 'एक गडी कमी आहे' एवढेच असेल, तर त्या रविवारी मुलाने घराजवळच्या मैदानावर आपल्या सोबत्यांबरोबर खेळावे, हेच बरे.