कुरितिबाची बस आणि आपला फाटा



शहरातल्या बसचा विषय शेतकऱ्यांच्या बैठकीत कशाला, असे मघाशी चहाच्या वेळी काहींनी विचारले. शहरातला हमाल, बांधकामावरचा मजूर, धुणीभांडी करणारी बाई ही बरीचशी आपलीच माणसे आहेत. शेती परवडेना म्हणून गेली. जागा मिळते शहराच्या कडेला आणि काम मध्यभागी. मजुरीतले किती तिकिटात जाते ते त्यांना विचारा.

ब्राझीलच्या दक्षिणेला कुरितिबा नावाचे शहर आहे. १९७१ मध्ये जैमे लेर्नर नावाचा वास्तुशिल्पी तिथे महापौर झाला. भुयारी रेल्वे परवडणारी नव्हती. मोठ्या रस्त्यांचा मधला पट्टा फक्त बससाठी राखला आणि १९७४ पासून त्यावर गाड्या धावू लागल्या. १९९१ मध्ये नळीसारखे थांबे आले. तिकीट थांब्यात शिरतानाच, गाडीला पायरी चढायची नाही.

पण खरी गोम हिशेबात आहे. गाड्या खाजगी मालकांच्या, मार्ग आणि भाडे शहराने ठरवलेले. त्या काळी मालकाला पैसे मिळत ते गाडी किती किलोमीटर धावली यावर, उतारू किती बसले यावर नव्हे. उतारू मोजून पैसे दिले की मालक गर्दीच्या रस्त्यावरच गाड्या घालतो, गरीब वस्तीकडे फिरकत नाही. भाडेही जवळच्याला आणि लांबच्याला एकच. आपल्याला सबसिडी हा शब्द खपत नाही, ठाऊक आहे. इथे लांबच्याचा भार जवळच्या उतारूने उचलला.

बोळांत कचऱ्याची गाडी शिरत नव्हती अशा वस्त्यांत १९८९ पासून कचरा आणून देणाऱ्याला बसची तिकिटे मिळू लागली. १९९१ पासून चार किलो निवडलेल्या भंगाराला एक किलो भाजीपाला. ही भाजी आसपासच्या शेतकऱ्यांकडचा जादा माल. भाव पडला की आपण टोमॅटो रस्त्यावर ओततो. तिथे शहर तो विकत घेऊ लागले.

सगळे गोड नाही. पुढे तिथेही मोटारी वाढल्या, बसचे उतारू घटले. पुण्याने २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर असा पट्टा काढला, पण राखला नाही.

आता आपले. एस.टी. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर रस्त्यावर सुरू झाली. टप्पा वाहतुकीचा मक्ता तिचाच. २०२१-२२ च्या संपात गाड्या बंद होत्या, तेव्हा खेड्यांना वडापनेच तारले; कायद्याच्या लेखी तो वडापवाला चोर. स्वतः यायचे नाही आणि दुसऱ्याला येऊ द्यायचे नाही! २०२३ मध्ये बायांना अर्धे तिकीट झाले. ज्या फाट्यावर गाडीच थांबत नाही, तिथे अर्धे काय नि पूर्ण काय? संध्याकाळची फेरी बंद झाली की पोरीचे कॉलेज सुटते.

आपली मागणी साधी आहे. एस.टी. फेरी देत नाही त्या मार्गावर गावच्या गाडीवाल्याला परवाना द्या आणि पैसे किलोमीटरने मोजा. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने बंद पडलेल्या फेऱ्या वेळेसकट लिहून आणाव्यात. शाळेची, बाजाराची आणि दवाखान्याची फेरी वेगवेगळी लिहा.