फार्महाऊसची बाग आणि शेजाऱ्याचा बांध

आजचा भाग एका श्रोत्याच्या मेसेजवरून. लोणी काळभोरला त्याच्या वडिलांनी वीस गुंठे घेऊन छोटं फार्महाऊस बांधलंय. आजूबाजूला ऊस, भाजीपाला, कडुनिंब. आत पाच गुंठे लॉन, ओळीने फॉक्सटेल पाम आणि चारी बाजूंनी कोनोकार्पसची हिरवी भिंत. तो लिहितो, "दादा, घर गावात आहे, पण बाग सोसायटीतून उचलून आणल्यासारखी वाटते."

आधी एक सांगतो. गेटला बैलगाडीचं चाक टेकवून आणि भिंतीवर वारली चित्रं काढून काही होत नाही. वारली तर ठाणे-पालघरकडची, लोणीची नाहीच!

खरा प्रश्न पाण्याचा आहे. उन्हाळ्यात लॉन हिरवं ठेवायला रोज साधारण ५ मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे चौरस मीटरला ५ लिटर. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. पाच गुंठ्यांना रोज अडीच हजार लिटर झाले. ५,००० लिटरचा टँकर दोन दिवसांत संपला! इथे पाऊस पुणे शहरापेक्षा कमी. नवा मुठा उजवा कालवा लोणीवरून जातो, आणि शेतकरी त्याच्या आवर्तनाची वाट बघत असतो. अशा वेळी पलीकडे स्प्रिंकलर चालू दिसला, तर त्याला काय वाटत असेल?

म्हणून घरालगत गुंठाभर हरळी ठेवा, पोरांना लोळायला. बाकी जागेत पवना, मारवेल येऊ द्या. मार्चमध्ये ते पिवळं पडेल, पडू दे. माळही तेव्हा पिवळाच असतो. वाळायच्या आत शेजाऱ्याला सांगा, गुरांसाठी तो कापून नेईल. घराजवळचं मात्र कापलेलंच ठेवा, साप आणि वणवा दोन्ही टळतात.

आता ती हिरवी भिंत. कोनोकार्पस लावायला गुजरातने २०२३ मध्ये बंदी घातली. ती काढली की समोरचा ऊस आपोआप तुमच्या बागेत येतो. जपानमध्ये याला 'शाक्केई' म्हणतात, म्हणजे उसना घेतलेला देखावा. गुरं आत येतील ही भीती असेल, तर अठराव्या शतकातल्या इंग्रज जमीनदारांची युक्ती बघा. ते कुंपणाऐवजी खोल चर खणायचे. घरातून नजर थेट शेतापर्यंत, पण गाय मात्र चराशी अडकते. आपल्या काळ्या मातीत उभा काठ ढासळतो, म्हणून उतार द्या किंवा दगड रचा. आणि खणण्याआधी शेजाऱ्याला विचारा, पावसाचं पाणी कुठून कुठे जातं. तुमच्या चराचं पाणी त्याच्या कांद्यात शिरलं, तर देखावा राहील बाजूला आणि भांडण उरेल.

झाडांचंही तसंच. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला, म्हणून सावली उत्तरेला लांब पडते. उत्तरेच्या बांधावर उंच झाडं लावलीत, तर सावलीखाली पीक शेजाऱ्याचं. तिकडे वीस-पंचवीस फूट आत या. दक्षिणेकडे करंज, बहावा, कडुनिंब खुशाल लावा. वड-उंबर विहिरीपासून लांब, मुळं बांधकामात शिरतात.

तुकोबांच्या पालखीचा लोणी काळभोरला मुक्काम असतो. पालखीच्या वाटेजवळ घर असेल, तर कुंपण चार फूट आत घ्या आणि बाहेर चिंचेखाली ओटा बांधा. वारी नसतानाही कुणीतरी टेकेलच.

बाबांनी हौसेने लावलेले पाम? सगळे नका काढू. घराजवळचे दोन-तीन राहू द्या, ती त्यांची आठवण आहे. जुना गुलमोहर असेल तर तोही राहू द्या. मूळचा मादागास्करचा असला, तरी सावली देतोय ना!

सगळं एकदम करायचं नाही. यंदा उत्तरेचा कोनोकार्पस आणि अर्धं लॉन, एवढंच. खड्डे मे महिन्यात दोन बाय दोन बाय दोन फुटांचे खणून तापू द्या. रोपं जूनमध्ये, दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर. उरुळी कांचनकडे रोपवाटिकांची कमी नाही. पुढे मांडलेले पाम बघून परत फिरू नका, मागच्या बाजूला करंज-बहाव्याची रोपं विचारा.