व्हॉल्व्हचा लहानसा ध्वनिवर्धक

अलिबागेस चुंबकीय वेधशाळा आहे, हें पुष्कळांना ठाऊक असतें. परंतु ती तेथें कां आली, हें फार थोड्यांना सांगतां येईल. पृथ्वीच्या चुंबकत्वाचे वेध मुंबईंत कुलाब्याच्या वेधशाळेंत १८४१ पासून घेतले जात. १९०० च्या सुमारास मुंबईंत घोड्यांच्या ट्रॅमऐवजीं विजेची ट्रॅम आणण्याचें घाटूं लागलें, आणि वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्यापुढें मोठाच पेंच उभा राहिला. रुळांतून आणि जमिनींतून वाहणारा विजेचा प्रवाह आपलें स्वतःचें चुंबकत्व निर्माण करतो. कुलाब्याच्या नाजूक सुया मग पृथ्वीचें सांगणें सोडून ट्रॅमचें सांगूं लागल्या असत्या. यंत्रें कितीहि चांगलीं आणलीं तरी हा दोष टळणारा नव्हता, कारण चांगलें यंत्र तेवढ्याच चांगल्या रीतीनें ट्रॅमचाहि वेध घेतें! उपाय एकच होता, तो म्हणजे दूर जाणें. बंदरापलीकडे सुमारें ३० किलोमीटरांवर अलिबागेस लोखंड वर्ज्य करून नव्या इमारती बांधण्यांत आल्या. १९०४ मध्यें तेथें वेध सुरू झाले. दोन वर्षें दोन्हीं ठिकाणचे वेध एकमेकांशीं ताडून पाहिल्यावर १९०६ मध्यें कुलाब्याचें काम बंद झालें. आणि ७ मे १९०७ रोजीं मुंबईच्या रस्त्यांवर विजेची ट्रॅम धांवली.

याच दोन सालांचा दुसरा एक योगायोग लक्षांत ठेवण्याजोगा आहे. १९०४ मध्यें इंग्लंडांत फ्लेमिंगनें पहिला व्हॉल्व्ह सिद्ध केला, आणि १९०६ च्या अखेरीस अमेरिकेंत ली डी फॉरेस्टनें त्या व्हॉल्व्हमध्यें एक बारीक तारेची जाळी बसविली. त्या जाळीमुळें दुबळ्या विजेला बळकट करण्याची युक्ति माणसाच्या हातीं आली. आज कोणी गिटारीसाठीं जुन्या धर्तीचा लहानसा व्हॉल्व्हचा ध्वनिवर्धक, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, घरीं बांधावयास घेतो, तेव्हां मूस यांच्यापुढचाच प्रश्न त्याच्या हातभर पेटींत येऊन बसतो. दुबळें तें मोठें करावयाचें असेल, तर नको असलेलेंहि त्याबरोबर मोठें होतें. म्हणून हें काम अर्धें आवाज वाढविण्याचें आणि अर्धें नको तो आवाज आंत येऊं न देण्याचें असतें. आणि हें दुसरें अर्धेंच अधिक कठीण.

व्हॉल्व्हची क्रिया तशी सोपी आहे. कांचेच्या नळींतील हवा काढून घेतलेली असते. आंत एक नलिका तापून तिच्यांतून इलेक्ट्रॉन उसळतात, आणि भोंवतींच्या धातूच्या पत्र्यावर धनविद्युत् असल्यामुळें ते तिकडे धांवतात. मध्यें जाळी असते. जाळीवरील दाबांत किंचित् फरक पडला कीं पत्र्याकडे जाणाऱ्या प्रवाहांत मोठा फरक पडतो. पाटाच्या तोंडाशीं बसविलेली फळी बोटानें हलवावी आणि सगळ्या शेताचें पाणी कमीजास्त व्हावें, तसाच हा प्रकार. विजेच्या गिटारींत तारांखालीं लोहचुंबक व त्याभोंवतीं तारेचें वेटोळें असतें. तार थरथरली कीं वेटोळ्यांत साधारण दशांश व्होल्टाएवढी वीज उत्पन्न होते. अशी गिटार अमेरिकेंत १९३१-३२ च्या सुमारास बोशां आणि रिकनबॅकर यांनीं बाजारांत आणली. पुढें कॅलिफोर्नियांतील लिओ फेंडर या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या गृहस्थानें १९५० नंतरच्या दशकांत ‘चॅम्प’ नांवाचा जो छोटा अ‍ॅम्प्लिफायर विकला, तोच आज घरीं बांधणाऱ्या बहुतेकांचा कित्ता असतो. त्यांत तीनच व्हॉल्व्ह. १२एएक्स७ हा पहिला, दुबळा आवाज उचलून घेणारा. ६व्ही६ हा दुसरा, कर्ण्याला बळ पुरविणारा. आणि ५वाय३ हा तिसरा, उलटसुलट वाहणारी वीज एका दिशेनें वाहावयास लावणारा.

या यंत्राची शक्ति अवघी पांच वॅट. ऐकणाऱ्याला ती क्षुल्लक वाटेल, पण वाड्यांतील एका खोलींत ती शेजाऱ्यांची झोंप मोडण्यास पुरेशी आहे. याहून मोठें यंत्र घरीं पूर्ण बळानें वाजवितांच येत नाहीं, आणि व्हॉल्व्हची गोडी तर तो पूर्ण बळाच्या सीमेवर आला म्हणजेच कळते. तेथें आवाजाचीं टोंकें एकदम छाटलीं न जातां हळूहळू वांकतात, आणि सुराला एक प्रकारचा घोगरा भरदारपणा येतो. ट्रान्झिस्टरचें यंत्र याहून स्वस्त, हलकें आणि मूळ आवाजाशीं अधिक प्रामाणिक असतें, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. व्हॉल्व्ह प्रामाणिक नसतो. तो सुराची थोडी खुशामत करतो. ती ज्यांना आवडते त्यांनींच या खटाटोपांत पडावें.

सामान जमविणें पूर्वीं अवघड नव्हतें. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनें १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनविले, आणि त्या छापाचे जुने नग अजूनहि अधूनमधून हातीं लागतात. अलिबाग-रेवदंड्याच्या माणसाची पेठ म्हणजे मुंबईचा लॅमिंग्टन रोड. मात्र एक गोष्ट पारखून घ्यावी. अमेरिकेंत घरची वीज १२० व्होल्ट व सेकंदास ६० आवर्तनांची, आपल्याकडे २३० व्होल्ट व ५० आवर्तनांची. तिकडचा ट्रान्सफॉर्मर मध्यें दाब उतरविणारा दुसरा ट्रान्सफॉर्मर घालून जोडला, तरी ५० आवर्तनांवर त्याचें लोखंड अधिक तापतें. येथल्या विजेसाठींच गुंडाळलेला, २७५-०-२७५ व्होल्टांचा ट्रान्सफॉर्मर करवून घेणें शहाणपणाचें.

आतां धोक्याविषयीं. या पेटींत ३०० व्होल्टांहून अधिक एकदिश दाब खेळत असतो, आणि ६व्ही६ तापण्यापूर्वीं तो क्षणभर ३९० पर्यंत चढतो. म्हणून कंडेन्सर ४५० व्होल्टांचे घ्यावे लागतात. एवढा दाब एका हातांतून छातींतून दुसऱ्या हाताकडे गेला तर माणूस दगावतो. बटण बंद केलें, प्लग काढला, तरी कंडेन्सरांत वीज शिल्लक राहते. त्यांच्यावर २२०,००० ओहमचा, दोन वॅटचा रोधक कायमचा जोडून ठेवला तर ती सुमारें अर्ध्या मिनिटांत ओसरते. तरीहि मीटरनें दाब मोजून पाहिल्यावांचून आंत बोट घालूं नये. मोजतांना डावा हात खिशांत ठेवावा, ही जुन्या रेडिओवाल्यांची शिस्त होती आणि ती भित्रेपणाची मुळींच नव्हे. पत्र्याच्या सांगाड्यास अर्थिंगची तार स्क्रूनें घट्ट बसलीच पाहिजे. पहिल्यानें वीज सोडतांना मध्यें ६० वॅटचा जुना तारेचा दिवा ओळीनें जोडावा. जोडणींत कोठें मोठी चूक असेल तर दिवा लखलखतो व यंत्र वांचतें. दिवा क्षणभर उजळून मंद झाला तर पुढें जाण्यास हरकत नाहीं.

जुन्या रेडिओचा सांगाडा वापरण्याचा मोह अनेकांना होतो. तेथें एक छुपी खोंच आहे. पूर्वीं कलकत्त्यासारख्या शहरांत एकदिश वीज मिळे, तेव्हां दोन्हीं तऱ्हांच्या विजेवर चालणारे, ट्रान्सफॉर्मर नसलेले रेडिओ विकले जात. त्यांच्यांत घरच्या विजेचें एक टोंक सरळ पत्र्यालाच जोडलेलें असे. लांकडी पेटी व बॅकेलाइटचीं बटणें यांमुळें ऐकणारा सुरक्षित राही. पण त्याच पत्र्याला गिटार जोडली तर तारा वाजविणाऱ्याच्या बोटांत जिवंत वीज येईल. असा सांगाडा कितीहि सुबक दिसला तरी या कामीं वर्ज्य समजावा.

यंत्र सुरू झालें आणि कोणी मरण पावलें नाहीं, कीं मग खरा त्रास सुरू होतो, तो गुणगुणीचा. गिटारीच्या सर्वांत जाड तारेचा सूर सेकंदास ८२ आंदोलनांचा, तिच्या शेजारच्या तारेचा ११०. आणि घरच्या विजेपासून उत्पन्न होणारी गुणगुण ५० किंवा १०० ची. म्हणजे ती नेमकी सुरांच्या गर्दींत येऊन बसते. या दोन गुणगुणींतील भेद कानानें ओळखतां आला तर अर्धें निदान झालें. १०० ची गुणगुण ५० च्या वरच्या षड्जासारखी, बरोबर एक सप्तक चढी असते. वीज एकदिश करतांना तिच्या आवर्तनाचे दोन्हीं अर्धे एकाच बाजूस वळविले जातात, त्यामुळें तेथें राहिलेली लाट १०० ची होते. ती ऐकूं आली तर दाब सपाट करणारे कंडेन्सर दुबळे आहेत असें समजावें. खालची, ५० ची गुणगुण असेल तर दोष व्हॉल्व्ह तापविणाऱ्या तारांचा, अर्थिंगचा किंवा ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकत्वाचा. तापविणाऱ्या दोन तारा एकमेकींभोंवतीं घट्ट पिळून कोपऱ्याकोपऱ्यानें न्याव्या, म्हणजे एकीचें चुंबकत्व दुसरी खोडून काढते. परतीच्या तारा जागोजागीं पत्र्याला न टेंकवितां विचारपूर्वक एका ठिकाणीं आणाव्या.

राहिला ट्रान्सफॉर्मर. येथें मूस यांचाच उपाय करावा लागतो. ट्रान्सफॉर्मरभोंवतींचें चुंबकत्व अंतराच्या साधारण घनाच्या प्रमाणांत घटतें. अंतर दुप्पट केलें कीं तें आठव्या हिश्शावर येतें. म्हणून विजेचा ट्रान्सफॉर्मर पेटीच्या एका टोंकास आणि गिटार जोडावयाची जागा व पहिला व्हॉल्व्ह दुसऱ्या टोंकास असावा. कर्ण्यास जोडलेला दुसरा ट्रान्सफॉर्मर मध्यें कोठें व कोणत्या तोंडानें बसवावा, हें पत्र्याला भोंकें पाडण्यापूर्वींच ठरवितां येतें. विजेच्या ट्रान्सफॉर्मरचीं बाहेर जाणारीं टोंकें झांकून त्याच्या पहिल्या वेटोळ्यांत तेवढी वीज सोडावी. दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरला नुसता हेडफोन जोडून कानास लावावा, आणि तो टेबलावर हळूहळू फिरवावा. एका स्थितींत घूंघूं स्पष्ट ऐकूं येते, दुसऱ्या स्थितींत ती जवळजवळ नाहींशी होते. तीच जागा पेन्सिलीनें आंखून घ्यावी. होकायंत्राच्या सुईनें करावें तें काम येथें कान करतो. या एका कृतींत जो अर्धा तास जातो तो पुढचे अनेक आठवडे वांचवितो. दुर्दैवानें बहुतेक लोक भोंकें आधीं पाडतात.

इतकें सारें कोणत्याहि गांवीं सारखेंच. रायगडच्या किनाऱ्यावर त्यांत खाऱ्या वाऱ्याची व पावसाची भर पडते. वर्षाकांठीं दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस आणि चार महिने ओलसर हवा असली, म्हणजे अमेरिकन नकाशा जसाच्या तसा उतरविणें चालत नाहीं. जुन्या यंत्रांत भाग बसविण्यासाठीं दाबलेल्या कागदाच्या पाट्या वापरीत. त्या ओल शोषतात, आणि ३०० व्होल्टांच्या दाबाखालीं त्यांतून थोडी थोडी वीज झिरपूं लागते. पावसाळ्यांत यंत्र करकरतें व उन्हाळ्यांत आपोआप बरें होतें, त्याचें कारण बहुधा हेंच. बॅकेलाइटची किंवा कांचतंतूची पाटी घ्यावी. मेण लावलेले कागदी कंडेन्सर जुन्या रेडिओंतून काढून वापरूं नयेत. पहिल्या व्हॉल्व्हच्या पत्र्यापासून दुसऱ्याच्या जाळीकडे नेणारा कंडेन्सर ओलीनें झिरपूं लागला तर जाळीवर धनदाब चढतो, ६व्ही६ चा पत्रा लालबुंद होतो, आणि त्याच्याबरोबर महागडा ट्रान्सफॉर्मरहि जातो. जाळीवर मीटर लावून पाहावा. शून्याहून स्पष्ट अधिक दाब दिसला तर तो कंडेन्सर बाद करावा. पॉलिएस्टरचा कंडेन्सर थोड्या पैशांत मिळतो, आणि जुन्या वस्तूंच्या भक्तांनीं कांहींहि म्हटलें तरी कानाला फरक कळत नाहीं.

कर्ण्याच्या ट्रान्सफॉर्मरमधील तार केसाएवढी बारीक असते. तिच्यावर सतत धनदाब असल्यानें ओल व खार लागतांच ती हिरवी पडून तुटते. दुसऱ्या महायुद्धांत पूर्वेकडील रणांगणांवर पाठविलेल्या यंत्रांस याच कारणानें खास वार्निशाचें लेपन करीत. गुंडाळणाऱ्याकडून ट्रान्सफॉर्मर वार्निशांत बुडवून भाजून घ्यावा. केवळ ब्रशानें वरून फांसलेलें पुरत नाहीं. सांगाडा अ‍ॅल्युमिनियमचा. डाख देतांना राळेचाच कथील वापरावा. पत्र्याच्या भांड्यांस वापरतात तें तेजाबाचें पाणी येथें लावलें तर सांधा वर्षभरांत आंतून कुजतो. व्हॉल्व्हचे पाय दिवाळीनंतर एकदां काढून पुसावे.

कर्ण्याचा शंकु कागदी असतो व तो पावसाळ्यांत सादळतो. त्यासाठीं यंत्र आषाढ-श्रावणांत आठवड्यांतून एकदां तरी तासभर चालू ठेवावें. व्हॉल्व्हची उष्णता हीच त्याची उत्तम राखण. गांवाला जावयाचें असेल तर प्लग काढून, यंत्र भिंतीपासून हातभर दूर, जमिनीवर न ठेवतां फळीवर ठेवावें, आणि वर प्लॅस्टिक न गुंडाळतां सुती कापड टाकावें.