विणकरांची चित्रकार : कॅथे कोल्वित्झ
(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समितीने आम्हाला विषय विचारला तेव्हा आम्ही सांगितलं, यंदा एका चित्रकार बाईवर बोलू द्या. त्यावर काही मंडळी हसली. गिरणीत घाम गाळणाऱ्या माणसाचा आणि चित्रकलेचा संबंध काय? बंधूंनो, संबंध आहे. आम्ही काही कलाशाळेत शिकलेलो नाही. वाचनालयात आणि फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांत जे हाती लागलं ते वाचत गेलो. अशाच एका पुस्तकात आम्हाला साच्याचं चित्र दिसलं. अंधारी खोली, खोलीभर पसरलेला हातमाग, पुढे खाटेवर आजारी मूल आणि दोन्ही हातांनी डोकं धरून बसलेली त्याची आई. चित्राखाली नाव होतं कॅथे कोल्वित्झ. बाई जर्मनीतल्या, पण ती खोली आम्हाला परक्या देशातली वाटली नाही.

कॅथे कोल्वित्झ यांचा जन्म १८६७ साली कोनिग्सबर्ग शहरात झाला. आजोबा धर्मसुधारक होते. प्रस्थापित चर्चमधून बाहेर पडून त्यांनी स्वतंत्र उपासकांचा संघ उभा केला होता. वडील कायदा शिकलेले, पण सरकारी नोकरीच्या वाटेला न जाता त्यांनी बांधकामाचा धंदा धरला. मुलीचा हात चांगला आहे हे ओळखून त्यांनी तिला चित्रकलेची शिकवणी लावली. त्या काळी तिथल्या मोठ्या कला अकादमीत मुलींना प्रवेश नव्हता. म्हणून कॅथे यांना बर्लिन आणि म्युनिक इथल्या मुलींच्या वेगळ्या कलाशाळांत शिकावं लागलं. दार बंद असणं म्हणजे काय, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

१८९१ साली त्यांचं लग्न डॉ. कार्ल कोल्वित्झ यांच्याशी झालं. डॉक्टरांनी बर्लिनच्या उत्तर भागात, कामगारांच्या वस्तीत दवाखाना थाटला. जन्मभर दोघं तिथंच राहिली. दवाखान्यात बाया यायच्या. कुणाचा नवरा बेकार, कुणाचा दारुडा, कुणाचं मूल दूध नाही म्हणून वाळलेलं. औषध घ्यायला आलेली बाई डॉक्टरांच्या बायकोजवळ मन मोकळं करायची. बाईंनी पुढे प्रामाणिकपणे लिहून ठेवलं आहे की, सुरुवातीला त्या कामगारांची चित्रं काढत होत्या त्या दयेपोटी नव्हे, तर कष्टकरी माणसाचं रूप त्यांना सुंदर वाटे म्हणून. दुःख काय असतं ते पुढे या बायांनी त्यांना शिकवलं. ही गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. वरून खाली बघून कीव करणारे पुष्कळ असतात. कोल्वित्झबाईंनी आधी आदर केला, मग दुःख ओळखलं.

आता त्या विणकरांच्या चित्रांबद्दल. १८४४ साली सायलेशिया प्रांतातल्या विणकरांनी उठाव केला. घरोघरी हातमाग चालत, पण व्यापारी मजुरी पाडत गेले आणि माणसं उपाशी मरू लागली. विणकर व्यापाऱ्यांच्या हवेल्यांवर चालून गेले. सैन्याने गोळीबार केला, त्यात ११ माणसं पडली. या घटनेवर हाउप्टमान नावाच्या नाटककाराने नाटक लिहिलं. पोलिसांनी त्याच्या जाहीर प्रयोगांवर बंदी घातली, तेव्हा १८९३ साली एका नाट्यमंडळाने तो प्रयोग खाजगीत केला. कोल्वित्झबाईंनी तो पाहिला आणि हातातलं दुसरं काम बाजूला ठेवलं. पुढची चार-पाच वर्षं त्या या एकाच विषयाला चिकटून राहिल्या.

त्यातून सहा चित्रं झाली. पहिलं ते आजारी मुलाचं. दुसऱ्यात मृत्यू घरात शिरला आहे. तिसऱ्यात दिव्याच्या उजेडात चार पुरुष टेबलाभोवती वाकून मसलत करताहेत. चौथ्यात मोर्चा निघाला आहे आणि त्यात एक बाई झोपलेलं पोर पाठीवर घेऊन चालली आहे. पाचव्यात मालकाच्या नक्षीदार फाटकावर माणसं तुटून पडली आहेत, आणि बाया रस्त्यातले दगड उपटून पुरवताहेत. सहाव्या चित्रात सगळं संपलेलं आहे. गोळी लागलेली माणसं घरात आणून त्याच हातमागाशेजारी जमिनीवर ठेवली आहेत. जो माग पहिल्या चित्रात तोच शेवटच्या चित्रात. ज्यांच्या घरी १९८२ चा संप येऊन गेला, त्यांना ही सहा चित्रं वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा आम्ही लहान होतो. आमच्या वडिलांच्या पिढीने मसलतही पाहिली, मोर्चाही पाहिला आणि मागाहून घरात पसरलेली शांतताही पाहिली.

इथे आमच्या समाजाचा आणखी एक हिशेब आहे, तो सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मुंबईच्या गिरण्यांत आपली माणसं त्रासन खात्यात होती, झाडलोटीला होती, पण विणकाम खात्यात त्यांना मज्जाव होता. मजुरी तिथेच जास्त. कारण काय, तर धोट्यात नवी कांडी घातली की दोऱ्याचं टोक तोंडाने ओढून घ्यावं लागे. अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा आपल्या तोंडाला लावणार नाही, असं बाकीचे कामगार म्हणत. कामगार कामगार एक, ही घोषणा फाटकाबाहेर, आणि आत धोट्याला विटाळ! १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे पुढाऱ्यांसमोर ठेवला. कोल्वित्झबाईंच्या विणकरांकडे पाहताना आम्हाला त्यांचं दुःख आपलं वाटतं, आणि त्याच वेळी हेही आठवतं की आपल्याला त्या साच्यापर्यंत पोचण्यासाठी वेगळी लढाई द्यावी लागली.

१८९८ साली ही चित्रं बर्लिनच्या मोठ्या प्रदर्शनात लागली. परीक्षकांनी सुवर्णपदकाची शिफारस केली. पण जर्मनीच्या बादशहाने, कैसर दुसऱ्या विल्हेल्मने, पदक द्यायला नकार दिला. पुढे १९०६ साली घरबसल्या तुटपुंज्या मजुरीवर काम करणाऱ्या बायांच्या हलाखीवर बर्लिनमध्ये एक प्रदर्शन भरलं. त्याचं भित्तिचित्र बाईंनी केलं होतं. त्यावर थकून गेलेल्या एका कामगार बाईचा नुसता चेहरा होता. तो काढून टाकल्याशिवाय आपण प्रदर्शनाला पाऊल ठेवणार नाही, असं बादशहाच्या राणीने कळवलं. बंधूंनो, विचार करा. त्या चित्रात ना तलवार, ना दगड. एका दमलेल्या बाईचा चेहरा राणीला सोसवला नाही.

बाईंनी तैलरंगातली मोठाली चित्रं केली नाहीत. त्यांनी छापाची कला निवडली. तांब्याच्या पत्र्यावर ओरखडून तेजाबाने रेघ खोल करायची, नाहीतर शिळाप्रेससारखं दगडावर काढायचं, नाहीतर लाकडावर कोरायचं. एका ठशातून पुष्कळ प्रती निघतात. तैलचित्र एका श्रीमंताच्या दिवाणखान्यात जाऊन बसतं, छापलेलं चित्र कामगाराच्या भिंतीवर लागू शकतं. पत्रक आणि पोस्टर काढणाऱ्या आम्हा कार्यकर्त्यांना हे लगेच कळतं.

मग १९१४ चं महायुद्ध आलं. त्यांचा धाकटा मुलगा पीटर, वय १८, सैन्यात जायचं म्हणून हटून बसला. वडील परवानगी देईनात. आईने मध्यस्थी केली आणि वडील वळले. ऑक्टोबर १९१४ मध्ये बेल्जियमच्या रणांगणावर पीटर पडला. या आईने पुढची १८ वर्षं त्याच्या स्मारकावर घालवली. करायचं, पसंत पडेना म्हणून सोडायचं, पुन्हा हाती घ्यायचं. शेवटी १९३२ साली बेल्जियममधल्या त्या सैनिकांच्या दफनभूमीत दोन दगडी मूर्ती बसल्या. मुलगा त्यात नाहीच. गुडघ्यावर बसलेले आईबाप आहेत. बाप हात स्वतःभोवती आवळून ताठ, आई पुढे वाकलेली. त्यात देशासाठी बलिदानाचा डामडौल नाही. आता त्या मूर्ती तिथून जवळच्या व्लाड्स्लो इथे आहेत.

त्या दुःखातून त्या पक्क्या युद्धविरोधी झाल्या. १९१८ साली एका नामवंत कवीने उरलीसुरली माणसंही लढाईत पाठवा असं आवाहन केलं, तेव्हा बाईंनी वर्तमानपत्रात जाहीर विरोध केला. १९२४ साली त्यांनी हात उंच करून ओरडणाऱ्या तरुणाचं पोस्टर काढलं, ‘पुन्हा युद्ध नको’. त्याच सुमारास उपाशी मुलांचं पोस्टर आलं. मुलं रिकामे वाडगे वर धरून आहेत. आपली कला नुसती कला नाही, तिला हेतू आहे, असं त्या म्हणत, आणि त्याची त्यांना लाज नव्हती.

त्या कुठल्या पक्षाच्या सभासद नव्हत्या. जानेवारी १९१९ मध्ये कामगारांचे पुढारी कार्ल लीबक्नेख्त यांचा खून झाला, तेव्हा घरच्यांच्या विनंतीवरून बाईंनी त्यांच्या पार्थिवाची रेखाटनं केली. त्यातून १९२० साली लाकडी ठसा तयार झाला. त्यात पुढाऱ्यापेक्षा त्याच्यावर वाकलेले कामगार जास्त दिसतात. आपल्या घरातल्या ज्या वडीलधाऱ्यांनी ७ डिसेंबर १९५६ ची दादरची अंत्ययात्रा पाहिली, त्यांनी वर्णन केलेले चेहरे आम्हाला त्या चित्रात दिसले.

१९१९ साली प्रशियाच्या कला अकादमीवर निवडून आलेल्या त्या पहिल्या महिला. पण १९३३ साली हिटलर सत्तेवर आला. त्याच्याविरुद्ध एकजूट करा, अशा पत्रकावर बाईंची सही होती. म्हणून त्यांना अकादमी सोडावी लागली. प्रदर्शनं बंद झाली. १९३६ साली गुप्त पोलीस घरी येऊन छळछावणीची धमकी देऊन गेले. बाई तेव्हा सत्तरीकडे झुकलेल्या. देश सोडला नाही, काम सोडलं नाही. १९४० साली पती गेले. १९४२ साली नातू, त्याचंही नाव पीटर, रशियाच्या आघाडीवर मेला. त्या काळातलं त्यांचं शेवटचं मोठं चित्र आहे : एक म्हातारी आपल्या दणकट हातांखाली तीन पोरांना दडवून बसली आहे. पोरं बाहेर पडायला बघताहेत, ती सोडत नाही. चित्राचं नाव, ‘बियाणं दळायचं नसतं’. शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या आपल्या माणसांना याचा अर्थ सांगायला नको. १९४३ साली बॉम्बफेकीत त्यांचं घर जळलं, पुष्कळ काम गेलं. २२ एप्रिल १९४५ रोजी, युद्ध संपायला जेमतेम दोन आठवडे उरले असताना, बाईंचं निधन झालं.

त्यांची चित्रं मात्र दूरवर गेली. चीनचे थोर लेखक लू शून यांनी १९३६ साली त्यांच्या छापचित्रांचा संग्रह प्रसिद्ध केला आणि तिकडची तरुण पोरं लाकूड कोरायला शिकली. आपल्याकडे १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात चित्तप्रसाद पायी फिरले, भुकेल्या माणसांची रेखाटनं केली. त्यांची ती पुस्तिका इंग्रज सरकारने जप्त करून जाळली. हे चित्तप्रसाद पुढे आपल्या मुंबईत, अंधेरीला वर्षानुवर्षं राहिले. आपल्यातल्या किती जणांना त्यांचं नाव माहीत आहे?

बंधू-भगिनींनो, आम्ही ही सगळी हकिगत सांगितली ती एका कारणासाठी. गिरण्या गेल्या. चिमण्या पाडल्या गेल्या आणि तिथे काचेचे टॉवर उभे राहिले. साच्यावर उभं राहून ज्यांचे कान बधिर झाले, कापसाची तूस ज्यांच्या छातीत गेली, ती माणसं एकेक करून जाताहेत. त्यांचे चेहरे कुठे आहेत? घरात आपण बुद्धांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा लावतो, ती लावलीच पाहिजे. पण आपल्या आईचं, आपल्या बापाचं चित्र कोण काढणार? सायलेशियाचे विणकर कोल्वित्झबाईंनी पन्नास वर्षांनंतर कागदावर आणले, म्हणून आज आपल्याला ते दिसतात.

आपल्या वस्तीत चित्रं काढणारी पोरं आहेत. वहीच्या मागच्या पानावर काढतात आणि मार खातात. चित्र काढून पोट भरतं का, असं आपण विचारतो. प्रश्न खोटा नाही, पोट आहेच. पण पोराचा हात चांगला असेल तर तोही बियाण्यासारखा आहे. तो दळून टाकू नका.

म्हणून समितीकडे आमची मागणी आहे. विहाराची मागची भिंत मुलांच्या चित्रांसाठी राखून ठेवा. महिन्यातला एक रविवार ठरवा. वस्तीतले जुने गिरणी कामगार, भंगार वेचणाऱ्या मावश्या, पालिकेचे सफाई कामगार यांनी तासभर समोर बसावं आणि मुलांनी त्यांना कागदावर उतरवावं. चित्राखाली त्या माणसाचं नाव, खातं आणि नोकरीची वर्षं लिहावीत. कागद आणि कोळशाच्या कांड्यांचा पहिल्या वर्षाचा खर्च आम्ही जुने कामगार वर्गणी काढून देऊ. पुढच्या वर्धापनदिनाला भाषण कमी झालं तरी चालेल, ती भिंत भरलेली दिसली पाहिजे.

एवढं बोलून आम्ही आमचे दोन शब्द संपवतो. जयभीम! जय भारत!