ताईंचं लसीकरण कार्ड कुठं आहे?

बाळाच्या लसींचं मी आज सांगणार नाही. दीड महिना, अडीच, साडेतीन, नऊ महिने हे घरोघरी पाठ आहे. मला बोलायचंय ते बाळाला दिवसभर कडेवर घेणाऱ्या बाईबद्दल. अंगणवाडीची सेविका, मदतनीस, गल्लीतल्या पाळणाघराच्या मावशी. त्यांच्या लसीचं कुणी बघितलंय का?

दुधाचं कोल्हापूरकरांना काय सांगायचं! तुम्ही पातेलं घासता, उन्हात पालथं घालता. पण गवळ्याचं माप? ते गल्लीतल्या प्रत्येक पातेल्यात उतरतं. त्याच्या बुडाला कालचा आंबूसपणा राहिला, की दहा घरचं दूध नासतं, आणि प्रत्येक घर म्हणतं, आमचं पातेलं तर लख्ख होतं. सेविकाताईंनी रागावू नये हं. मापाशिवाय दूध घरात येत नाही. आणि माप उकळायचं काम मापाचं नसतं, ते दुधाचा धंदा चालवणाऱ्याचं असतं. इथं तो धंदा चालवणारे आपण आहोत.

डांग्या खोकला घ्या. लहानपणीच्या लसीचा जोर काही वर्षांत ओसरतो. मोठ्या माणसाला मग नुसती ढास लागते, महिना-दीड महिना. बाई आल्याचा चहा पिते आणि कामावर येते. न येऊन सांगते कुणाला? अंगणवाडीत वजनाच्या दिवशी महिन्याचं बाळ तिच्या हातात येतं. त्याला अजून पहिला डोसही मिळालेला नसतो. इतक्या लहान बाळाला धड खोकताही येत नाही. श्वास थांबतो, ओठ निळे पडतात. गरोदरपणात सरकारी दवाखान्यात जे टीडी देतात, त्यात धनुर्वात आणि घटसर्प आहे, डांग्या खोकला नाही. त्याची मोठ्यांसाठी वेगळी लस मिळते, पण विकत.

गोवर-रुबेलाचंही तसंच. आपल्याकडं मोठी मोहीम झाली नोव्हेंबर २०१८ मध्ये, नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी. त्या वेळी जी पोरगी सोळा-सतरा वर्षांची होती, ती आज कुठल्यातरी अंगणवाडीत मदतनीस असेल. तिला रुबेलाची लस मिळाली का? बहुधा नाही. उद्या तीच गरोदर राहिली आणि पहिल्या महिन्यांत रुबेला झाला, तर तिच्या बाळाचे डोळे, कान, काळीज, सगळंच धोक्यात. आणि ही लस गरोदरपणात देत नाहीत. दिवस जायच्या निदान महिनाभर आधी घ्यावी लागते. सरकारच्या ‘पाळणा’ या पाळणाघरांच्या योजनेत सहा महिन्यांपासूनची मुलं येतात. गोवराची पहिली लस नवव्या महिन्यात. मधले तीन महिने बाळाभोवतीच्या माणसांवरच भिस्त. पातेलं अजून तापायचंय, आणि माप आत उतरलंय. लक्षात येतंय ना? म्हणून पुन्हा सांगतो, बाळाचं कार्ड बघता तसं ताईंचंही बघा.

हे काही अवघड नाही. १६ जानेवारी २०२१ ला कोरोनाची लस सुरू झाली, तेव्हा दवाखान्यातल्या लोकांबरोबर अंगणवाडी सेविकांचीही नावं पहिल्या यादीत होती. म्हणजे यादी करता येते, तारीख देता येते, लस टोचता येते. मग साथ सरल्यावर ती यादी कुठं गेली? दरवर्षीची फ्लूची लस, डांग्या खोकल्याची लस मानधनावरच्या बाईनं स्वतःच्या पैशानं घ्यायची? ग्रामपंचायतीनं उत्पन्नाचे दहा टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. हळदीकुंकवाचा मांडव दरवर्षी होतो. एका वर्षी त्या पैशातून... असो, सरपंच ऐकत असतील.

स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण होतेय. कावीळ राहिलीच. इचलकरंजीत २०१२ साली जी पसरली ती पाण्यातून आलेली, ई प्रकारची. मी म्हणतोय ती ए प्रकारची, लंगोट बदलताना हातावाटेही पसरते. पोरांना ती हलकी जाते, कळतही नाही, पण मावशींना महिनाभर झोपवते. तिची लस आहे. कांजिण्यांचीही आहे. पाळणाघरात पोर सोडताना एवढं विचारा, मावशी, लहानपणी कांजिण्या आल्या होत्या का? नाही म्हणाल्या, तर त्यांना डॉक्टरांकडं... बरं, थांबतो.