सोमलाचा हिशेब

खनिजातून धातू काढून घेतल्यावर उरलेले कुठे जाते, हे सहसा कोणी विचारत नाही. आर्सेनिक हे मूलद्रव्य. ते जाळून संपत नाही, फक्त रूप पालटते. म्हणून ते कुठे डांबायचे याआधी कोणत्या रूपात डांबायचे हे ठरवावे लागते, आणि तेही भट्टी पेटण्यापूर्वी, एवढेच मला आज मांडायचे आहे. कॅनडाच्या उत्तरेतली यलोनाइफची जायंट खाण सोन्याची. पण याचा धडा तिच्याइतका स्पष्ट दुसरीकडे मिळत नाही. तिथले सोने आर्सेनोपायराइट या आर्सेनिकयुक्त खनिजात अडकलेले. ते खनिज भाजले, की आर्सेनिकची वाफ होई आणि निवताच पांढरी भुकटी पडे. हाच आपल्याकडचा जुना सोमल. गुंज-दोन गुंजा जीव घ्यायला पुरतात. आधी तो धुराड्यातून सरळ हवेत गेला, बर्फावर बसला, आणि 1951 मध्ये तिथल्या मूळ रहिवासी डेने समाजातले एक मूल त्या बर्फाच्या पाण्याने दगावले. मग भुकटी पकडून जमिनीखालच्या दालनांत भरू लागले. विचार अगदीच खुळा नव्हता: बारमाही गोठलेल्या जमिनीत पाणी कुठून येणार? पण खाणकामानेच ती जमीन उबदार झाली, आणि लिटरभर पाण्यात सोमल सुमारे 20 ग्रॅम विरघळतो. सोने निघाले सुमारे 70 लाख औंस, म्हणजे जेमतेम 218 टन. खाली उरला 2,37,000 टन सोमल. मालक कंपनी 1999 मध्ये बुडाली. आता सरकारी खर्चाने दालनांभोवतीचा खडक पुन्हा गोठवायचा आहे. 2022 चा अंदाज 438 कोटी कॅनेडियन डॉलर, आणि पाणी शुद्ध करत राहणे कायमचेच.

त्या काळी ज्ञानच नव्हते, असे कोणी म्हणेल. मान्य, पण आज ती सबब उरलेली नाही. हाच प्रश्न तांब्याबाबतही आहे: भारताने 2023 मध्ये जाहीर केलेल्या 30 महत्त्वाच्या खनिजांत तांबे आहे, आणि चिलीतल्या तांब्याच्या खनिजात आर्सेनिक भरपूर. तिथल्या कोडेल्को या सरकारी कंपनीची इकोमेटालेस ही उपकंपनी भट्टीच्या धुळीतल्या आर्सेनिकचा लोहाशी संयोग करून स्कोरोडाइट बनवते. तो सौम्य आम्लात जवळजवळ विरघळतच नाही. यात लोह, उष्णता आणि वेळ खर्ची पडतो, हे खरे. पण स्वस्त सोमलाची किंमत यलोनाइफला कोण भरते आहे, ते पाहिलेच. मग आर्सेनिक विकूनच का टाकू नये? कारण गिऱ्हाईक नाही. अमेरिकेत ते लाकूड टिकवायला खूप खपे. 2003 अखेर घरगुती लाकडासाठी तो वापर थांबला, आणि अर्धवाहकांना लागते ते त्या मानाने चिमूटभर.

सर्वांत वजनदार आक्षेप रसायनशास्त्रज्ञांचाच आहे: स्कोरोडाइटही अमर नाही. अगदी बरोबर. अल्कलीत तो फुटतो, प्राणवायू नसलेल्या चिखलातही फुटतो. म्हणजे त्याला नुसती भिंत नव्हे, शेजारही लागतो. आम्ल मारण्यासाठी वापरलेल्या चुन्याचा गाळ जागा वाचवायला त्याच खड्ड्यात ओतला, तर भट्टीपाशी केलेला सगळा खर्च तिथेच पाण्यात जातो.