बोन स्कॅनच्या दिवशी पाणी का प्यायचं?



स्तनाच्या कॅन्सरवर उपचार चालू असले, की डॉक्टर कधी कधी बोन स्कॅन सांगतात. आजार हाडांत गेलाय का, ते बघायला. तिथे शिरेत इंजेक्शन देतात आणि म्हणतात, दोन-तीन तास थांबा, भरपूर पाणी प्या, लघवीला जाऊन या. आपण बाया करतो उलटं. परगावी जायचं म्हणून सकाळपासून घोटभर पाणी नाही. स्टँडवरच्या मुताऱ्या बघता त्यात नवल काय!

पण त्या दिवशी पाण्याचं काम मोठं आहे.

इंजेक्शनात टेक्नेशियम नावाचं किरणोत्सारी द्रव्य अगदी थोडं असतं. ते हाडांकडे जाणाऱ्या औषधाला जोडलेलं असतं. हाडात जिथे जास्त घडामोड चालू, तिथे ते जास्त साठतं. तिथून गॅमा किरण निघतात आणि कॅमेरा ते टिपतो. एक्स-रेमध्ये यंत्र किरण सोडतं, इथे किरण आपल्या अंगातून येतात. कॅमेऱ्यापुढे बारीक भोकांची शिशाची जाड जाळी असते, तिरपे किरण ती अडवते. वाटेत धडकून आलेल्या किरणांची ताकद कमी झालेली असते. तेही यंत्र बरेचसे बाजूला काढतं.

एवढं करूनही एक काम आपल्याकडेच राहतं. तांदळातला काळा खडा चटकन दिसतो, पांढरा दिसत नाही. तसंच इथे. सुरुवातीला औषध रक्तात, मांसात सगळीकडे असतं, मग हाड उठून कसं दिसणार? हाडात न गेलेलं औषध लघवीवाटे निघून जातं, म्हणून थांबायचं, म्हणून पाणी. आणि लघवीची पिशवी भरलेली असेल, तर ती स्वतःच इतकी ठळक दिसते की माकडहाड, कमरेचं हाड झाकलं जातं. कपड्यावर लघवीचा थेंब पडला तरी डाग दिसू शकतो. तसं झालं तर तिथल्या ताईंना सांगा, लाजू नका.

किडनीच्या किंवा हृदयाच्या दुखण्यामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. दिवस गेले असतील किंवा अंगावर पाजत असाल, तर इंजेक्शनच्या आधीच सांगा.

आणि फोटोत ठळक ठिपका दिसला म्हणजे कॅन्सरच, असं नाही. सांधेदुखीतही दिसतो, मोडून जुळणाऱ्या हाडातही दिसतो. पडल्याचं, हाड मोडल्याचं आठवत असेल तर तेही सांगून ठेवा.

टेक्नेशियमचा जोर दर सहा तासांनी निम्मा होतो. घरी आल्यावर त्या दिवशी तान्ह्या बाळाला फार वेळ कडेवर घेऊ नका, एवढंच.